प्रतिसाद: प्रथमावृत्ती की बुक क्लबची प्रत?

शीर्षकपानाच्या मागे १९६२ हे साल दिसले की ‘सायलेंट स्प्रिंग’ची प्रथमावृत्तीच हाती आली, असे या चर्चेत वर म्हटले आहे, ते मला पटत नाही. रॅचेल कार्सन यांचे हे पुस्तक ऑक्टोबर १९६२मध्ये ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ने (सभासदांना निवडक पुस्तके टपालाने पाठवणाऱ्या अमेरिकी क्लबने) निवडले होते, त्यामुळे क्लबच्या प्रती भरपूर सापडतात आणि कॉपीराइटचे साल त्यांवरही तेच असते. पुस्तकावरच्या सुट्या कागदी वेष्टनाच्या आतल्या घडीवर किंमत छापलेली आहे का, आणि मागच्या पुठ्ठ्यावर खालच्या कोपऱ्यात क्लबचा बारीक, शाईविना दाबलेला ठसा आहे का, हे आधी पाहावे; किंमत नसणे किंवा ठसा असणे ही सहसा क्लबच्या प्रतीची खूण. घडीचा कोपरा कापलेला असल्यास (भेट देताना पुष्कळजण किंमत कापत) ठशावरच भिस्त ठेवावी लागते. वेष्टनच नसेल, तर मी संग्रहासाठी अशी प्रत घेत नाही.