होस्ट पाडणारे डीओएस (सेवा बंद पाडणारे) दोष ‘मीडियम’ म्हणून गणेश चवथीपर्यंत ठेवायचे का?

पर्वरीकर
एकाच सर्व्हरवर (होस्टवर) वेबसाइट, अकाउंट्स, बुकिंग अशा पाच-सहा व्हीएम (आभासी संगणक, म्हणजेच गेस्ट) चालवणाऱ्यांसाठी हा धागा. हायपरवायझरमधल्या (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) डीओएस दोषाला सीव्हीएसएस, म्हणजे गंभीरतेचे, गुण बऱ्याचदा दहापैकी ६.५ मिळतात: गुप्तता शून्य, अखंडता शून्य, फक्त उपलब्धतेला ‘हाय’. शिक्का ‘मीडियम’चा, म्हणून पॅच मागे पडतो. पण सीव्हीई-२०१८-१२२०७ घ्या (सीव्हीई म्हणजे नोंदवलेल्या दोषाचा क्रमांक). गेस्टच्या कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) मेमरीच्या पेजचा आकार बदलला आणि जुनी नोंद टीएलबीत (प्रोसेसरमधल्या मेमरी-पत्त्यांच्या यादीत) तशीच राहिली, तर काही इंटेल प्रोसेसर मशीन चेक एरर (हार्डवेअरची चूक) देऊन अडकतात. गडबड एका व्हीएमची, बंद सगळ्या. असा पॅच आठवड्याच्या आत लागलाच पाहिजे.

फोंडेकर
नाही पटत. हा दोष वापरायला गेस्टमध्ये कर्नलचे अधिकार लागतात. ज्याला रूट (पूर्ण ताबा) मिळाले तो होस्ट कशाला अडकवत बसेल? डेटा नेईल. शिवाय उपाय फुकटचा नाही. केव्हीएम (लिनक्समधला हायपरवायझर) ह्यूज पेजवरून, म्हणजे मेमरीच्या मोठ्या तुकड्यावरून, कोड चालू देत नाही, २ एमबीचे पेज ४ केबीच्या तुकड्यांत फोडते, त्यात वेग जातो. दुसरा होस्ट नसेल तर लाइव्ह मायग्रेशनही (चालू व्हीएम तिकडे हलवणे) नाही. चवथीच्या सुट्टीत निवांत करावे.

पर्वरीकर
वेबसाइटच्या व्हीएममध्ये नेण्यासारखे काही नसतेच हो. तिच्यातून शेजारचे अकाउंट्स पाडता येते, धोका तो आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये तर रूट आपणच मुलांच्या हातात देतो.

डिचोलीचा रॅक
दोघांनीही दोष कुठल्या थरात आहे ते सोडून दिले. क्यूएमू (प्रत्येक व्हीएमसाठी वेगळी चालणारी, तिची उपकरणे भासवणारी प्रोसेस) कोसळले तर ती एकच व्हीएम जाते. केव्हीएम होस्टच्या कर्नलचाच भाग. ते अडकले की सगळेच गेले. पहिल्या थरातल्या दोषाचा पॅच थांबू शकतो, दुसऱ्यातला नाही.

आणि ‘पॅच घातला’ म्हणजे काय तेही पाहा. मे २०१५चा ‘व्हेनम’ हा दोष क्यूएमूच्या फ्लॉपी कंट्रोलरमधला. फ्लॉपी काढून टाकली तरी तो कोड चालूच राहायचा. पॅकेज अपडेट करून व्हीएमला आतून रीस्टार्ट दिला तर जुनीच क्यूएमू प्रोसेस चालत राहते, दोषासकट. व्हीएम पूर्ण शटडाऊन करून बाहेरून सुरू करावी लागते.

फोंडेकर
थराचा फरक मान्य. मग आधी लिनक्सच्या व्हल्नरेबिलिटीज फोल्डरमधली आयटीएलबी मल्टिहिट (सीव्हीई-२०१८-१२२०७चेच दुसरे नाव) फाइल उघडा. ‘नॉट अफेक्टेड’ दिसले तर या दोषाची घाई संपली.

पण ज्याला सीव्हीईच नाही त्याचे काय? १ टीबीच्या डेटास्टोअरवर (व्हीएमच्या डिस्क ठेवायच्या जागेवर) ३०० जीबीच्या सहा थिन डिस्क (लागेल तशी जागा घेणाऱ्या), म्हणजे कागदावर १.८ टीबी. बाकीच्यांनी ८०० जीबी वापरले असताना एकीच्या लॉगने उरलेले खाल्ले, की नवीन ब्लॉक मागणारी प्रत्येक व्हीएम थांबते. रूट लागत नाही, पॅचही नाही. ८० टक्क्यांवर अलार्म लावा, लॉगला मर्यादा घाला. हे आधी.

पर्वरीकर
अलार्म आजच लावा, त्यावर वाद नाही. पण त्या फाइलीत ‘व्हल्नरेबल’ दिसले तर चवथीची वाट पाहू नका. रविवारी पहाटे होस्ट रीबूट करायला मालकाकडून वेळ मागून घ्या, आणि तोवर वेबसाइटची व्हीएम वेगळ्या मशीनवर हलवा; जुना डेस्कटॉपही चालेल.