इंटरनेटवरचा मजकूर लिनक्सच्या फोल्डरमध्ये माउंट करणं: सोय की फसवणूक?

पंचवटी_टक्स

माझं मत आधीच सांगतो. ऑनलाइन जे काही साठवलेलं आहे, मग ते ड्राइव्हवरचे पीडीएफ असोत, कॉलेजच्या सर्व्हरवरच्या नोट्स असोत नाहीतर जुन्या मासिकांचे स्कॅन, ते लिनक्सवर साध्या फोल्डरसारखं उघडता आलंच पाहिजे. ब्राउझर हा एकमेव दरवाजा असता कामा नये.

विषय निघाला तो आमच्या नाशिकच्या पंचवटीतल्या अभ्यासिकेवरून. स्पर्धा परीक्षेची मुलं येतात. मशिनं जुनी, कमी रॅमची, त्यावर लिनक्स मिंट. सगळं साहित्य क्लाउड ड्राइव्हवर आहे आणि ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की मशीन हलत नाही. म्हणून मी आरक्लोन (क्लाउडवरच्या फाइली हाताळणारं साधन) वापरून तो ड्राइव्ह 'अभ्यास' नावाच्या फोल्डरवर माउंट केला, म्हणजे त्या फोल्डरला जोडला. मुलं फाइल मॅनेजर उघडतात, डबल क्लिक करतात, पीडीएफ हलक्याशा व्ह्यूअरमध्ये उघडते. आपल्या गटाच्या गेल्या भेटीत दोघातिघांनी यावर आक्षेप घेतला, की ही मुलांची दिशाभूल आहे. मला तो आक्षेप मान्य नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना आतली यंत्रणा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे शक्य होतं फ्यूज या लिनक्समधल्या सोयीमुळे. मिक्लोश सेरेदी यांचं हे काम २००५ मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.१४ बरोबर लिनक्समध्ये आलं. त्याआधी नवी फाइलसिस्टिम (फाइली ठेवण्या-वाचण्याची व्यवस्था) लिहायची तर कर्नलमध्ये हात घालावा लागे आणि तिथे चुकलं की अख्खं मशीन कोलमडे. फ्यूजमुळे फाइलसिस्टिम हा एक साधा प्रोग्रॅम झाला. व्ह्यूअर म्हणतो 'फाइल दे', कर्नल ती मागणी त्या प्रोग्रॅमकडे सरकवतो, तो नेटवरून बाइट आणतो आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं.

यात मला सगळ्यात सुंदर वाटतं ते पीडीएफचं वागणं. कुठलं पान फाइलमध्ये नेमकं कुठे आहे याचा तक्ता पीडीएफच्या शेवटी असतो. व्ह्यूअर आधी शेवटाकडे उडी मारतो, तक्ता वाचतो आणि मग हवं ते पान मागतो. एचटीटीपी या वेबच्या देवाणघेवाणीच्या पद्धतीत 'अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंतच दे' असं मागता येतं. सर्व्हर ते मानत असेल तर २०० ऐवजी २०६ हा क्रमांक देऊन तेवढाच तुकडा पाठवतो. म्हणून जाडजूड स्कॅनचं मधलंच पान बघायला पूर्ण फाइल उतरवायची गरज पडत नाही. व्ह्यूअर लिहिणाऱ्याने यासाठी वेगळं काहीही केलेलं नाही. त्याला नेटवर्क ठाऊकच नाही.

बेल लॅब्जच्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तर वेबसुद्धा असंच वाचता यायचं. तिथल्या वेबएफएस या प्रोग्रॅमच्या 'क्लोन' फाइलमधून नवी जोडणी घ्यायची, 'सीटीएल' फाइलमध्ये पत्ता लिहायचा, 'बॉडी' फाइल वाचायची. ही वाट आपण सोडून दिली आणि प्रत्येक सेवेचं वेगळं अॅप, वेगळी बटणं शिकत बसलो याचं मला खरंच वाईट वाटतं. ज्याला फोल्डर येतो त्याला सगळं आलं पाहिजे.

सातपूरकर

हेतू पटतो, मार्ग पटत नाही. भेटीत आक्षेप घेणाऱ्यांत मीही होतो.

समोर फोल्डर आहे म्हटलं की कुठलाही प्रोग्रॅम तीन गोष्टी गृहीत धरतो. मागितलं की लगेच मिळेल. सेव्ह केलं की लिहिलं गेलं. काल जे होतं ते आजही तिथेच आहे. नेटवर यातल्या एकाचीही हमी नाही. १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेतल्या जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मांडलं होतं: दूरची वस्तू जवळचीच आहे असं भासवणारी रचना फसते, कारण विलंब आणि अर्धवट बिघाड झाकता येत नाहीत. ही एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरचे फोल्डर जोडणारी व्यवस्था, बनवणारी कंपनी होती, तेव्हा हे अनुभवाचे बोल होते.

इथला प्रकार सांगतो. सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्रॉइंगचा बॅकअप दुसऱ्या युनिटच्या सर्व्हरवर जायचा. तो सर्व्हर एसएसएचएफएस या दूरचे फोल्डर जोडणाऱ्या साधनाने एका फोल्डरवर माउंट केलेला. रात्री वीज गेली. मशीन परत सुरू झालं तेव्हा नेट आलेलं नव्हतं, म्हणून माउंट लागला नाही. आता इथे लक्ष द्या. माउंट लागला नाही म्हणून फोल्डर गायब होत नाही. ज्यावर माउंट करायचं तो रिकामा लोकल फोल्डर तिथेच असतो, त्याच नावाचा, त्याच जागी. स्क्रिप्टने पाहिलं की फोल्डर आहे, आणि रात्रभर त्यातच लिहीत राहिली. सकाळी सिस्टिमचं रूट पार्टिशन गच्च भरलेलं, आणि बॅकअप झालाय असं सगळे समजून चाललेले. याच्या उलट झालं तर आणखी वाईट. आरसिंक या प्रती जुळवणाऱ्या कमांडला डिलीटचा (स्रोतात नसेल ते पुसण्याचा) पर्याय दिलेला असेल आणि स्रोत म्हणून असा रिकामा फोल्डर समोर आला, तर चांगला बॅकअपसुद्धा पुसला जातो. एकही एरर येत नाही.

तुम्ही म्हणता व्ह्यूअरला नेटवर्क ठाऊक नाही. मला अडचण नेमकी तीच आहे. ज्याला ठाऊक नाही तो 'नेट गेलंय, थांबा' असं सांगूही शकत नाही. तो नुसता अडकतो.

माझा पर्याय साधा आहे. रात्री आरक्लोन कॉपी चालवा, साहित्य प्रत्यक्ष डिस्कवर उतरवा आणि मुलांना तो खरा फोल्डर द्या.

नाशिकरोड_निवासी

मला तिसरीच काळजी आहे. फोल्डर तुमचा, पण पलीकडचा दरवाजा दुसऱ्याच्या हातात आहे. २००४ मध्ये रिचर्ड जोन्स यांनी जीमेलएफएस लिहिलं होतं. मेलबॉक्सची जागा डिस्कसारखी वापरायची. कल्पना जोरदार, पण गूगलने ते कधी अधिकृतपणे दिलेलंच नव्हतं. समोरून काही बदललं की आपण उघड्यावर. विकिपीडियाचे लेख फाइल म्हणून उघडून एडिटरमध्ये दुरुस्त करायला विकिपीडियाएफएस होतं, तेही मागे पडलं. एसएसएचएफएसलासुद्धा मधे काही काळ कोणी सांभाळणारा उरला नव्हता. ज्या पायाची शाश्वती नाही त्यावर अभ्यासिका उभी करू नये.

अक्षरजुळणी

टक्सदादा आणि सातपूरकर, दोघंही वायरीबद्दल बोलताय. मजकुराच्या आकाराबद्दल कोणीच बोलत नाहीये. मी जुन्या मराठी नियतकालिकांचे स्कॅन आणि ओसीआर (चित्रातून मजकूर काढणं) करते, त्यामुळे हे रोजचं आहे.

वेबची रचना फोल्डरची नाही. वेबवर एकच पत्ता पानही असतो आणि त्याखाली आणखी पानंही असतात. फाइलसिस्टिममध्ये एक नाव एक तर फाइल असतं, नाहीतर फोल्डर. दोन्ही एकदम नाही. मग माउंट करणारा प्रोग्रॅम कुठलं तरी कृत्रिम नाव घुसडतो. फाइलचा आकार आधी सांगावा लागतो, आणि मागितल्यावर तयार होणाऱ्या पानाचा आकार सर्व्हरलाही आधी माहीत नसतो. काही ड्राइव्हमध्ये एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली चालतात, लिनक्समध्ये चालत नाहीत. त्यातली एक दिसतच नाही, आणि आपण समजतो अंक हरवला.

देवनागरीची गोष्ट तर वेगळीच. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिममध्ये एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजीवाल्यांना ती कधी जाणवत नाही. आपलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'महाराष्ट्र' या शब्दात दहा चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट. वेबच्या पत्त्यात टक्क्याच्या खुणा लावून तोच शब्द येतो तेव्हा ९०. ते रूप जसंच्या तसं नाव म्हणून वापरणारी साधनं मी पाहिली आहेत. त्यात २८ चिन्हांपुढे नाव बसत नाही, आणि आपल्या दिवाळी अंकातल्या लेखांची शीर्षकं काय लांबीची असतात ते तुम्हाला माहीत आहे.

आता शोध. माउंट केलेल्या फोल्डरवर ग्रेप ही मजकूर शोधणारी कमांड चालवली तर शोध सर्व्हरवर होत नाही. प्रत्येक फाइल इथे ओढून आणून वाचली जाते. सगळा संग्रह नेटवरून इकडे. वर कीबोर्डप्रमाणे 'वऱ्हाड' मधला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतीने लिहिला जातो. डोळ्याला सारखाच, बाइट वेगळे, ग्रेपला सापडत नाही. हे माउंटने सुटत नाही आणि कॉपीनेही सुटत नाही. त्यासाठी मजकूर उतरवून, एकसारखा करून, अनुक्रमणिकाच बनवावी लागते. म्हणून चाळायचं असेल तर माउंट, शोधायचं असेल तर प्रत, असं मी करते. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या गावात पुस्तक चाळणं आणि सूची पाहणं यातला फरक कोणी समजावून सांगायला नको.

पंचवटी_टक्स

अक्षरजुळणीताई, ग्रेपचा मुद्दा मान्य.

सातपूरकर, तुमच्या प्रसंगात दोष स्क्रिप्टचा आहे. 'माउंटपॉइंट' नावाची छोटी कमांड याचसाठी आहे. फोल्डरवर खरंच काही माउंट झालंय का हे ती सांगते, आणि नसेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबायचं. आणखी पक्का उपाय हवा तर माउंट सुटलेला असताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर कमांडने अपरिवर्तनीय करून ठेवा. रूटच्या (मुख्य यूजरच्या) माउंटला त्याने अडचण येत नाही, पण माउंट नसेल तर त्यात एक बाइटही लिहिता येत नाही आणि बॅकअप लगेच एरर देऊन थांबतो.

'रात्री कॉपी करा' हे ऐकायला सोपं आहे. मशिनांच्या डिस्क छोट्या आहेत. चालू घडामोडींचं टिपण सकाळी कोणीतरी दुरुस्त करतं आणि दहा मिनिटांत दुसरं कोणीतरी तेच वाचायला उघडतं. प्रत ठेवली तर प्रत्येक मशीनवर वेगळी आवृत्ती. चुकीच्या तारखा पाठ करून पोर परीक्षेला बसलं तर त्याचं वर्ष जातं. शिवाय आमचा माउंट फक्त वाचण्यापुरता आहे. सेव्हचा प्रश्नच येत नाही.

दिंडोरीचा_बाग

माझी द्राक्षबाग आहे. फवारणीच्या नोंदी गूगलच्या शीटमध्ये ठेवतो, निर्यातीच्या मालाला त्या दाखवाव्या लागतात. हा धागा वाचून माउंट करून पाहिलं, तर सगळ्या शीट शून्य बाइटच्या दिसतायत. नोंदी गेल्या की काय?

सातपूरकर

दादा, नोंदी जागेवर आहेत, घाबरू नका. गूगलच्या शीट आणि डॉक या मुळात फाइली नाहीतच. मागितल्यावर एक्सेलच्या रूपात तयार करून मिळतात, म्हणून आकार आधी कळत नाही आणि माउंटमध्ये शून्य दिसतो. काही प्रोग्रॅम त्या उघडतात, काही रिकाम्या समजून सोडून देतात. तुमच्या नोंदींसाठी माउंट वापरू नका. आठवड्याला एक प्रत एक्सेलमध्ये उतरवून घरच्या डिस्कवर ठेवा.

टक्स, हेच मी म्हणतोय. शेतकऱ्याच्या पोटात गोळा आला कारण फोल्डरने त्याला खोटा आकार सांगितला.

आणि आरक्लोनच्या माउंटवर लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. लिहिण्याची कॅशे (डिस्कवरची तात्पुरती साठवण) चालू नसेल तर लिबरऑफिससारखे प्रोग्रॅम नीट सेव्हच करू शकत नाहीत. चालू असेल तर फाइल आधी तुमच्याच डिस्कवर जाते आणि बंद केल्यावर काही सेकंदांनी वर चढायला लागते. एडिटर 'सेव्ह झालं' म्हणतो तेव्हा क्लाउडवर जुनीच आवृत्ती असते.

पंचवटी_टक्स

त्या मधल्या वेळात वीज गेली तरी फाइल कॅशेत राहते. तोच माउंट त्याच पर्यायांसह पुन्हा लावला की उरलेलं वर जातं. हेही सांगा ना.

सातपूरकर

जातं, पण तेच मशीन पुन्हा सुरू झालं तरच. तोवर दुसऱ्या मशीनवरून कोणी तीच फाइल बदलली असेल तर एकाचं काम गेलं.

आता 'फक्त वाचण्यापुरता' याबद्दल. ती अट तुमच्या मशीनवरच्या माउंटची आहे, खात्याची नाही. आरक्लोनच्या कॉन्फिग फाइलमध्ये खात्याचं टोकन (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) असतं, आणि पासवर्ड लावल्याशिवाय ती फाइल एन्क्रिप्ट होत नाही. मुलं त्याच यूजरने बसत असतील तर कोणीही ती फाइल पेन ड्राइव्हवर नेईल आणि घरी बसून सगळा ड्राइव्ह पुसू शकेल. ब्राउझरमध्ये निदान लॉगआउट दिसतं. इथे आपण लॉगिन आहोत हेच कोणाला जाणवत नाही.

अक्षरजुळणी

हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. टक्सदादा, हे आजच बघा.

पंचवटी_टक्स

बघतो नाही, केलं. जुन्या टोकनची परवानगी खात्यातून काढून टाकली. नवं टोकन घेताना ड्राइव्हची फक्त वाचनाची परवानगी निवडली, म्हणजे टोकन चोरलं तरी पुसता येणार नाही. माउंट वेगळ्या यूजरकडून लावला. फ्यूजचा माउंट एरवी लावणाऱ्यालाच दिसतो, रूटलासुद्धा दिसत नाही, म्हणून 'इतरांना परवानगी' हा पर्याय चालू केला. मुलांच्या यूजरला कॉन्फिग फाइल आता उघडताच येत नाही.

फोल्डरचं नावही बदललं: 'अभ्यास-ऑनलाइन'. नेट गेलं की हा फोल्डर चालणार नाही हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगणार. पण सातपूरकर, प्रती मी ठेवणार नाही.

सातपूरकर

टोकनचं काम चोख केलंत. प्रतीबद्दल माझं म्हणणं तेच आहे, निदान एका मशीनवर तरी ठेवा. राज्यघटना आणि गेल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका रोज बदलत नाहीत. त्यांना ताजेपणाचं कारण लागू होत नाही, आणि पूर्वपरीक्षेच्या आदल्या रात्री नेट गेलं तर मुलांना लागणार त्याच.

पंचवटी_टक्स

प्रश्नपत्रिकांपुरतं मान्य. त्या उद्या उतरवतो. टिपणं मात्र माउंटवरच राहतील.