पहिली फाइल डिलीट करा

(फोंड्यातल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप, रविवार संध्याकाळ)

मेधा, बी-३०४: नमस्कार. गुरुवारी आईच्या पियानोच्या कॅसेटची जी फाइल मी इथे टाकली होती, ती कृपया डिलीट करा. कुणी पुढे पाठवली असेल तर त्यांनाही कळवा. आज नवी देते.

सुलभाकाकू, ए-१०२: अगो, पण ती किती स्वच्छ होती! मी तर दोनदा ऐकली. काय बिघडलं तिच्यात?

मेधा, बी-३०४: काकू, ती गरजेपेक्षा जास्त धुतली गेली होती. फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये घातली, त्याने खरखर, गुणगुण, टकटक सगळं आपोआप काढून दिलं. मलाही आवडली होती. शुक्रवारी आईला हेडफोन लावून दिले. 'ए' बाजू तिने डोळे मिटून ऐकली. 'बी' सुरू झाली आणि अर्ध्या मिनिटात हेडफोन काढून म्हणाली, "हे मी वाजवलेलं नव्हे. माझी काकणं कुठे गेली?"

तेव्हा मला उमगलं. 'बी' बाजूवर आई बाखचा सी मेजरमधला प्रिल्यूड वाजवते. त्यात सुरांची एकच आकृती जवळजवळ प्रत्येक मापात, म्हणजे तालाच्या प्रत्येक तुकड्यात, दोनदा येते, उजवा हात सारखा डोलत राहतो, आणि प्रत्येक वळणाला काकणं किणकिणतात. अ‍ॅपला ती टेपवरची टकटक वाटली. नवं लग्न झालेली, हातात चुडा भरलेली माझी आई त्या टेपमध्ये होती आणि मी तिला पुसून टाकलं होतं. दोन दिवस मला नीट झोप लागली नाही.

रोहन, सी-२०५: मेधाताई, मूळ कच्ची फाइल ठेवली होती हे नशीब.

मेधा, बी-३०४: ते तूच सांगितलं होतंस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. आम्ही तेव्हा पणजीला, मळा नावाच्या भागात भाड्याने राहायचो. घरमालकीणबाई पियानो शिकवायच्या, सगळे त्यांना टीचर म्हणत. दुपारची कामं आटोपली की आई त्यांच्याकडे शिकायला बसायची. ऑगस्ट १९८६ मध्ये बाबांनी खुर्चीवर टू-इन-वन ठेवून साठ मिनिटांची कॅसेट भरली. 'ए' बाजूला टीचर, 'बी' ला आई. बाहेर कौलांवर पाऊस. टीचर शूमानचं त्रॉयमराय वाजवताहेत आणि मधेच पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू. तो भोंपूही अ‍ॅपने अर्धा खाल्ला होता.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे.

मिलिंदकाका, ए-३०१: मेधा, मी तुला सुराबद्दल म्हणालो होतो ते इथेही सांगतो. शूमानचा तो तुकडा एफ मेजरमध्ये, म्हणजे आपल्या पेटीवर पांढरी चार. मी पेटी काढून सोबत धरायला गेलो तर सूर पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मधोमध. कुठेच बसेना. टेप जलद धावते हे उघड. म्हणून म्हटलं, सरळ ४४० ला, म्हणजे ए स्वर ४४० हर्ट्झ धरणाऱ्या प्रमाण सुराला, आणून सोड.

रोहन, सी-२०५: काका, तुमचा कान अगदी बरोबर होता. पण ४४० ला आणलं असतं तर चुकलं असतं. कच्च्या फाइलचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती आवाज आहे त्याचं चित्र, उघडला तेव्हा गुणगुणीच्या दोन रेघा दिसल्या, एक १०० हर्ट्झवर, दुसरी १०४ वर. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००. पहिली रेघ आजच्या घरातली. दुसरी टेपवरच उमटलेली, त्या दिवशी मळ्यातल्या घरात जी वीज होती तिची. रेकॉर्ड होताना तीही १०० च्या आसपासच असणार. म्हणजे टेप चार टक्के जलद. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर, पण रेकॉर्ड करणाऱ्या मशीनचा बेल्ट सैल असला की ते एवढं सहज हळू चालतं, मग ती टेप आज जलद वाजते. तेव्हा विजेची वारंवारताही थोडी खालीवर व्हायची, त्यामुळे हिशेब केसभर इकडेतिकडे होईल.

आता टेपवर ए स्वर ४५२ च्या आसपास ऐकू येतो. चार टक्के कमी केले की साधारण ४३५. पियानो ४४० ला नव्हताच.

मिलिंदकाका, ए-३०१: आणि तोही भर पावसाळ्यात. दमट हवेत लाकूड फुगतं, पियानो थोडा चढतो. उन्हाळ्यात तर आणखी खाली असेल.

मेधा, बी-३०४: आईला विचारलं. म्हणाली, तारा फार जुन्या, खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या. ट्यूनरला टीचर बजावून सांगायच्या, जास्त ताणू नकोस, तुटतील. म्हणजे रोहनचा हिशेब जुळला. आता जी फाइल देते आहे ती त्याच खालच्या सुरात आहे. काका, तुमच्या पेटीला ती अजूनही बसणार नाही, पण टीचरच्या पियानोचा सूर तोच होता.

मिलिंदकाका, ए-३०१: मग तोच राहू दे. पेटी बंद.

अनघा, सी-४०१: रोहन, पण मग ती गुणगुण काढलीस की नाही? पहिल्या फाइलमध्ये नव्हती, ते बरं वाटत होतं.

रोहन, सी-२०५: तिथेच तर मोठं नुकसान झालं होतं, ताई. प्रिल्यूडच्या शेवटाकडे खाली आठ मापं एकच जी स्वर धरून ठेवलेला आहे, वरचे सूर बदलत राहतात. तो साधारण ९७-९८ हर्ट्झचा. टेप जलद असल्यामुळे सरकून १०० च्या शेजारी आला. अ‍ॅपने १०० ची गुणगुण कापली आणि तिच्याबरोबर त्या जीचं पोटही कापलं. पाया काढून घेतल्यासारखं झालं.

यावेळी १०० कापलंच नाही. ती रेघ आजची होती, म्हणून मुळातच येऊ दिली नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर पुन्हा भरलं, रेघ गेली. १०४ ची मात्र टेपवरची आहे, ती अगदी अरुंद फिल्टरने थोडी दाबली, पूर्ण नाही. कान देऊन ऐकलं तर अजून आहे.

मेधा, बी-३०४: मला ती हवीच आहे. तिच्यामुळेच तर वेग सापडला.

बाकी काम हाताचं. कपाटात राहून टेपवर पांढरी बुरशी आली होती आणि कॅसेटमधली फेल्टची छोटी गादी निखळली होती, ती नसली की टेप मशीनच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही. स्क्रूवाली दुसरी कॅसेट घेऊन टेप तिच्यात बसवली. बाल्कनीत, तोंडाला मास्क लावून. बुरशी कोरड्या मऊ कापडाने, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने. मग रोहनने हेडचा बारीक स्क्रू अंशाअंशाने फिरवला आणि एका जागी वरचे सूर एकदम मोकळे झाले, झाकण उघडल्यासारखे. सगळ्या सॉफ्टवेअरने मिळून जेवढं केलं नसेल तेवढं त्या स्क्रूने केलं.

खरखर मी थोडी ठेवली आहे. ती पूर्ण काढायला गेलं की सूर विझतानाची शेपूट तुटते, आणि पियानो तर त्या विझण्यातच असतो.

सुलभाकाकू, ए-१०२: मेधा, नवी ऐकली. काकणं ऐकू आली गो. डोळ्यांत पाणी आलं.

मिलिंदकाका, ए-३०१: एक आठवलं, सांगतो. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याची तबकडी पाठवली, तिच्यात आपल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी आहे. त्याच तबकडीत ग्लेन गूल्डने पियानोवर वाजवलेला बाख आहे, सी मेजरचाच प्रिल्यूड आणि फ्यूग, पण 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर' या बाखच्या संग्रहाच्या दुसऱ्या खंडातला. गूल्ड वाजवताना गुणगुणायचा, त्याच्या कितीतरी रेकॉर्डमध्ये ते ऐकू येतं. कुणी काढलं नाही. मग तुझ्या आईची काकणं का काढायची?

मेधा, बी-३०४: काका, हे आईला आत्ता वाचून दाखवते.

फाइल डॉक्युमेंट म्हणून टाकली आहे. ऑडिओ म्हणून पुढे पाठवू नका, फोन ती पुन्हा दाबून लहान करतो. कच्ची फाइल एका बाजूची पाचशे एमबीच्या वर आहे, हवी असेल त्यांनी पेन ड्राइव्ह घेऊन या. एक विनंती, यूट्यूबवर टाकू नका. टीचरचा नातू लिस्बनला असतो, त्याने आपल्या ग्रुपपुरती परवानगी दिली आहे. त्याला कच्ची आणि नवी दोन्ही पाठवल्या.

सुलभाकाकू, ए-१०२: मेधा, माझ्याकडे अण्णांच्या कीर्तनाच्या दोन कॅसेट आहेत, म्हार्दोळच्या देवळातल्या. आत पांढरं पांढरं दिसतंय. नातवाचा जुना टेप आहे घरात, लावून बघू का?

मेधा, बी-३०४: नको काकू, अजिबात लावू नका. बुरशी मशीनमध्ये जाईल आणि टेपही गुंडाळली जाईल. प्लास्टिकच्या पिशवीत असतील तर बाहेर काढून कोरड्या जागी उभ्या ठेवा. रोहन, उद्या सातला जमेल?

रोहन, सी-२०५: साडेसात. मास्क आणतो.