मदत हवी आहे: पॉलिश केलेली चांदी पंधरवड्यात काळी पडतेय, प्रदर्शन १२ दिवसांवर

रवाकाम
नमस्कार. घाईत आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. मी चांदीचे दागिने हाताने करते. ९२५ चांदी. पत्रा कापण्यापासून तार ओढणं, झाळ (सांधे जोडणं), कानस, पॉलिश, फोटो, पार्सल, सगळं एकटीच. ४ वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. या महिन्यात जो नग पॉलिश करून ठेवते तो आठवड्यात पिवळट पडतो आणि पंधरवड्यात काळा. ४२ नग तयार होते, त्यातले ३० परत घासायला घेतलेत. रव्याच्या, म्हणजे चांदीचे बारीक दाणे बसवलेल्या, कुड्यांना तर दाण्यांच्या मधल्या खाचेत बफ पोचतच नाही, मऊ ब्रशने एका जोडाला पाऊण तास जातो. दोन पार्सलं परत आली. चांदी तीच, हत्यारं तीच, करणारी मीच. पुण्याला १२ दिवसांनी स्टॉल आहे, पैसे भरून झालेत. काय चुकतंय ते सांगा.

आज्जीचा_बटवा
रिठ्याच्या पाण्यात रात्रभर भिजत घाला आणि सकाळी टूथपेस्टने घासा. आमच्याकडे गौरीची चांदीची भांडी अशीच उजळतात. चिंच आणि बारीक रांगोळीही चालते.

रवाकाम
ताई, उजळायचं कसं ते येतं मला. परत काळी का पडते ते विचारतेय. आणि टूथपेस्टने बारीक ओरखडे उठतात, भांड्याला चालत असेल, आरशासारख्या पॉलिशला नाही.

मुशीतून
टंच काढा, म्हणजे चांदीची शुद्धता तपासून घ्या. दुसरं काही बोलायच्या आधी टंच. आमचं घर खानापूर तालुक्यातलं, वडिलांपासून गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा, मी स्वतः २२ वर्षं दक्षिणेत दुकान चालवतोय. १००० ग्रॅममध्ये ९२५ चांदी आणि ७५ तांबं हवं. तांबं वाढलं की काळपट लवकर येतो. वितळवून दिलेल्या मालात कोण काय घालतं ते डोळ्याला दिसत नाही. आधी चांदी देणाऱ्याला धरा.

रवाकाम
टंच काढलाय दादा, फेब्रुवारीत, दोन वेगळ्या ठिकाणी. ९२.६ आणि ९२.५. चांदी ठीक आहे.

मुशीतून
पत्र्याचा काढला की तयार नगाचा? झाळीत काय वापरता? झाळीत जस्त असतं, ते मोजा. तयार नग मुशीत घातल्याशिवाय खरं कळत नाही.

चंदेरी_हुपरी
तयार नग वितळवा म्हणताय, त्यांचं प्रदर्शन आहे. झाळ जोडापुरती असते. काळेपणा जोडावरच आहे की सगळ्या अंगावर, आधी ते विचारा ना. ताई, माझे दोन प्रश्न. झाळल्यावर तेजाबातून (आम्लातून) काढता तेव्हा चिमटा कशाचा? लोखंडी चिमटा तेजाबात गेला की द्रावणातलं तांबं चांदीवर बसतं आणि नग तांबूस दिसतो. दुसरं, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवता का? आमच्याकडे पैंजणाच्या कड्यांत तेजाब अडकून राहायचं आणि गिऱ्हाइकाच्या घरी आठवड्यात सांध्यासांध्यातून डाग फुटायचे.

रवाकाम
चिमटा तांब्याचा. सोड्याचं पाणी, मग साधं पाणी दोनदा, मग ड्रायरने वाळवते. तांबूस नाही, काळंच आहे, आणि जोडावर नाही, सगळीकडे. लवकर सांगा कुणीतरी, सकाळपासून ब्रश हातात आहे.

झळाळी
रोडियमचं पाणी द्या, म्हणजे वरून रोडियम धातूचा पातळ थर चढवा, आणि मोकळ्या व्हा. मी ६ वर्षं सगळा माल रोडियम करूनच विकतो, एक तक्रार नाही. सांगलीत सराफ पेठेत विचारलंत तर करून देणारे सापडतील.

चंदेरी_हुपरी
रोडियमखाली चांदीचा मऊ पांढरा रंग जातो, स्टीलसारखी निळसर झाक येते. हाताने रवा चिकटवणाऱ्या बाईच्या कामावर ते शोभत नाही. शिवाय अंगठी वर्षभर वापरली की कडेने उडतं, मग दोन रंग.

झळाळी
ज्यांना शोभा बघायची त्यांनी बघावी. गिऱ्हाईक काळी चांदी परत पाठवतं, रोडियम परत पाठवत नाही. मी अनुभवाचं बोलतोय.

घरगुती_विज्ञान
एवढा ब्रश कशाला? भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पसरा, वर नग ठेवा, कडक गरम पाणी, चमचाभर खायचा सोडा, चिमूटभर मीठ. दोन मिनिटांत काळेपणा जातो. चांदीशी जोडलेला गंधक अ‍ॅल्युमिनियम ओढून घेतं, चांदी जागेवरच राहते. घासल्याने मात्र दर वेळी थोडी चांदी झिजते.

रवाकाम
हे साध्या नगांना करते मी. पण १४ नग ऑक्सिडाइज केलेले आहेत, खाचेतला मुद्दाम दिलेला काळा रंगही त्यात धुऊन जातो. आणि कुड्यांच्या ११ जोडांत मोती आहेत, त्यांना गरम सोड्याचं पाणी लावायचं नाही.

कायदेशीर_कस
हॉलमार्कचं बघितलंत का? सोन्याला १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्ती झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक, नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. चांदीला सक्ती नाही, ऐच्छिक आहे, पण १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवरही एचयूआयडी येतो. पुण्याच्या स्टॉलवर लोक विचारणार. ३ टक्के जीएसटीचं बिल कसं करता तेही लिहा.

रवाकाम
धन्यवाद, पण आत्ता हा प्रश्न नाहीये माझा.

मिरजेची_प्रयोगशाळा
मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. ताई, तुम्ही नग कसा करता ते सगळं सांगितलंत, पण करून झाल्यावर तो कुठे असतो ते एकदाही लिहिलं नाहीत. आधी पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट-निळा, मग काळा, याच क्रमाने रंग बदलतोय का? तसं असेल तर तो चांदीचा सल्फाइड आहे, म्हणजे गंधक बाहेरून येतोय. नग कशात ठेवता? रबरबँड, लोकर, फोम, वर्तमानपत्र यांतलं काही? आणि एक नग हातात घेऊन बघा, काळेपणा सगळीकडे सारखा आहे की एका बाजूला जास्त?

रवाकाम
क्रम तोच आहे सर. डब्यात नाही ठेवत, टेबलावर दोरी बांधलीय, तिला अडकवून ठेवते म्हणजे मोजायला आणि फोटोला बरं पडतं. शेवटच्या दिवशी झिप पिशवीत.
आत्ता दिव्याखाली नीट बघितलं. झुमक्याची टोपी वरून काळी आहे आणि आतून, घुंगरू लागतात तिथे, जवळजवळ पांढरी. पाटल्या टेबलावर आडव्या होत्या, त्यांची वरची बाजू काळी आणि टेबलाला टेकलेली बाजू चांगली. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मिरजेची_प्रयोगशाळा
टेबलाच्या वर काय आहे?

रवाकाम
काही नाही. माळा आहे. घरचं सामान.

मिरजेची_प्रयोगशाळा
सामान म्हणजे काय काय?

रवाकाम
शेतीचं. आमची द्राक्षबाग आहे, तासगाव तालुक्यात. फवारणीची औषधं, पाइप, क्रेट, बेदाण्याच्या धुरीच्या गंधकाची पोती. ते दर वर्षी असतंच घरात.

चंदेरी_हुपरी
अहो ताई! गंधक!

मिरजेची_प्रयोगशाळा
दर वर्षी असतं, पण दर वर्षी तुम्ही त्याच्याखाली बसत होतात का?

रवाकाम
नाही. आधी सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसायचे. जानेवारीत दिरांचं लग्न झालं, सोपा लागायला लागला, म्हणून मागची खोली मिळाली. मला आनंदच झाला होता की स्वतःची खोली झाली.

मिरजेची_प्रयोगशाळा
मग उत्तर मिळालं. गंधक साध्या हवेतही अगदी थोडा थोडा उडत असतो आणि चांदीला तेवढा पुरतो. त्यात पोतं फाटकं असेल, फळ्यांच्या फटीतून पिवळी भुकटी गळत असेल, तर ती सरळ दागिन्यावरच बसते. म्हणूनच वरची बाजू काळी आणि टेकलेली बाजू पांढरी. ऑक्सिडाइज करायला तुम्ही गंधकाचंच द्रावण वापरता ना? तीच क्रिया इथे तुमच्या नकळत चालली आहे. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. चांदीच्या पत्र्याचे चार तुकडे घ्या, सारखे पॉलिश करा. एक टेबलावर उघडा, एक टेबलावरच झिप पिशवीत, एक सोप्यात, एक घराबाहेर कुणाकडे तरी. स्वयंपाकघरात नको, कांद्या-अंड्याचा गंधक मध्ये यायला नको. दोन दिवस हात लावू नका.

मुशीतून
मी तरी म्हणतो टंच काढा.

बेदाणा_पाटील
गंधकाला नावं ठेवण्याआधी एक सांगतो. द्राक्ष पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळीच्या रॅकवर सावलीत वाळवतो, त्यानंतर गंधकाची धुरी दिल्याशिवाय पिवळा रंग येत नाही, आणि पिवळ्या रंगाशिवाय सौद्यात भाव नाही. चार किलो द्राक्षाला किलोभर बेदाणा पडतो, वर मजुरी, वर अवकाळीची भीती. द्राक्षावरच्या भुरी रोगालाही गंधकच मारतो आम्ही. या दिवसांत तासगाव भागात ज्या घरात गंधक नाही ते बागायतदाराचं घर नव्हे.

चंदेरी_हुपरी
नावं कुणी ठेवली? माळा बदला एवढंच म्हणणं आहे.

हिरवा_देठ
खरं तर धुरी न दिलेला तपकिरी बेदाणा मागणारी गिऱ्हाइकं वाढतायत. आम्ही दोन वर्षं थोडा माल तसाच करतो. धुरीच्या खोलीत शिरलं की छातीत कसं होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

बेदाणा_पाटील
थोडा माल तुम्ही करा. दहा टन तपकिरी बेदाणा घेऊन सौद्याला उभे राहा आणि मग बोला.

हिरवा_देठ
दहा टन मी केव्हा म्हटलं?

रवाकाम
कृपया बेदाण्याचा वेगळा धागा काढा. मी तुकडे ठेवले आहेत. चौथा माहेरी, मिरजेला, भावाबरोबर पाठवला.

झळाळी
दोन दिवस वाट बघण्यापेक्षा रोडियमला दिले असते तर आत्तापर्यंत हातात आले असते.

रवाकाम
दोन दिवस झाले. टेबलावरचा उघडा तुकडा: गवती चहासारखा पिवळा, एका कडेला तपकिरी. झिप पिशवीतला: स्वच्छ. सोप्यातला: स्वच्छ. माहेरचा: भावाने फोटो पाठवला, त्यात त्याचं नाक दिसतंय इतका स्वच्छ.
माळ्यावर चढून बघितलं. एक पोतं उंदरांनी कुरतडलंय. खालच्या फळीवर पिवळ्या पिठाची रेघ आहे आणि ती फट बरोबर माझ्या दोरीच्या वर. ओल्या फडक्याने टेबल पुसलं तर फडकं पिवळं झालं. मी दीड महिना याखाली बसून काम केलंय. चांदीचं सोडा, श्वासातही तेच गेलं असणार. आणि फुंकणीची ज्योतही तिथेच.

मिरजेची_प्रयोगशाळा
ज्योत पेटवू नका त्या खोलीत. गंधक पेट घेतो, आणि त्याच्या धुराने डोळे-घसा धरतो. आज पोती निघेपर्यंत झाळकाम बंद.

रवाकाम
बोलले घरात. मामंजी म्हणाले, धुरी अजून तीन आठवडे चालणार, शेडवर ठेवलं तर चोरीला जातं, बाहेर ठेवलं तर वळिवात भिजतं. त्यांचंही खरं आहे. वर्षाचं पीक आहे ते, माझे ४२ नग त्यापुढे किती. पण मी त्यांना तो पिवळा तुकडा आणि सोप्यातला पांढरा तुकडा हातावर शेजारी शेजारी ठेवून दाखवला. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, पोती ट्रॅक्टरच्या खोलीत जाऊ देत, कुलूप मी लावतो. संध्याकाळी दीर आणि नवीन जाऊबाई दोघांनी मिळून उतरवली. जाऊबाईंनी माळा ओल्या फडक्याने तीनदा पुसला.

आज्जीचा_बटवा
जाऊबाई चांगल्या मिळाल्या हो.

चंदेरी_हुपरी
आता तयार माल त्या खोलीत परत नेऊच नका, फटींत भुकटी असणारच. प्रत्येक नग वेगळ्या झिप पिशवीत, हवा दाबून काढून, आणि सगळ्या पिशव्या स्टीलच्या डब्यात. डब्यात खडूचे दोन तुकडे टाका, ओल धरतात. तांब्याचे कण घातलेल्या पिशव्याही मिळतात, त्यात गंधक आधी तांब्याला लागतो आणि चांदी वाचते. साध्या नगांना फॉइलचं पाणी द्या. ऑक्सिडाइजवाल्यांचा फक्त उठावाचा भाग पॉलिशच्या कापडाने पुसा, खाचेत जाऊ नका.

रवाकाम
आणि मोत्याच्या ११ जोडांचं? कापड कोंदणाच्या कडेला पोचत नाही.

चंदेरी_हुपरी
मोती काढता येतात का? तारेने बांधलेत की चिकटवलेत?

रवाकाम
७ तारेने, ४ चिकटवलेले.

चंदेरी_हुपरी
तारेचे ७ सोडवा, चांदी उजळा, नवीन तारेने परत बांधा, जोडाला वीस मिनिटं. चिकटवलेल्या ४ जोडांना हात लावू नका, मोत्याला आम्ल लागलं की झिलई गेलीच समजा. कोरड्या कापडाची सुरळी करून दातकोरणीच्या टोकाला गुंडाळा आणि फक्त कड पुसा. जेवढं निघेल तेवढं.

कायदेशीर_कस
बिलाचं राहिलं बरं का.

रवाकाम
आज ५ जोड बांधून झाले. टेबल परत सोप्यात खिडकीपाशी आणलंय, जेवायच्या वेळेला उचलायचं या बोलीवर. टेबलावर ठेवलेला नवीन तुकडा तिसऱ्या दिवशीही पांढरा आहे. सर, तो तुकडा पाकिटात घालून तुमच्यासाठी ठेवलाय, मिरजेला येईन तेव्हा देते.