अन्ननलिका भाजल्यावर चौथ्या आठवड्यात घास का अडकतो?

प्रश्न
टॉयलेट क्लीनर प्यायलेला रुग्ण, पहिल्या २४ तासांतल्या एंडोस्कोपीत झारगर २बी (भाजण्याची तीव्रता सांगणाऱ्या श्रेणीत खोल किंवा गोल फिरलेली जखम). असे रुग्ण दुसऱ्या आठवड्यात मऊ भात गिळतात, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात तोच भात अडकतो. मधल्या काळात फायब्रोब्लास्ट (जखम भरताना कोलॅजनचे तंतू बनवणाऱ्या पेशी) काय करत असतात? डायलेटेशननंतर (अरुंद नळी फुग्याने किंवा नळ्यांनी रुंद केल्यावर) ती पुन्हा का आवळते?

प्रतिसाद १
दुसऱ्या आठवड्यात बरं वाटतं ते सूज उतरल्यामुळे. जखम अजून भरलेली नसते. पहिले दोन-तीन दिवस पेशी मरतात, चौथ्या दिवसाच्या सुमारास फायब्रोब्लास्ट सबम्युकोझात (अस्तराखालच्या थरात) शिरतात. आधी टाइप ३ कोलॅजन घालतात, नंतर टाइप १. मेलेला थर सुटलेला आणि नवं कोलॅजन अजून कच्चं, म्हणून ५ ते १५ दिवसांत भिंत सर्वांत कमकुवत असते. या काळात स्कोप घालू नका, फाटते.

याच सुमारास टीजीएफ-बीटा या संदेश देणाऱ्या प्रथिनामुळे फायब्रोब्लास्टचे मायोफायब्रोब्लास्ट होतात. अल्फा-स्मूथ मसल ॲक्टिन हे स्नायूंसारखं आवळणारं प्रथिन असल्याने ते भिंत ओढून धरतात. वरचं अस्तर लवकर जुळलं तर यातले बहुतेक मरून जातात. २बीमध्ये जखम गोल फिरलेली असली की अस्तर फक्त दोन टोकांकडून सरकतं, आणि तोवर हे ओढतच राहतात. परिघ एक तृतीयांश आटला तरी पोकळीचं क्षेत्रफळ निम्म्याखाली जातं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून हेच दिसू लागतं.

प्रतिसाद २
डायलेटेशनचं म्हणाल तर ती नवी जखमच असते. व्रण फाटतो आणि फायब्रोब्लास्ट पुन्हा जागे होतात. त्यात कडक झालेली भिंत स्वतःच त्यांना चेतवते: ताण वाढला की कोलॅजनच्या जाळ्यात अडकलेला टीजीएफ-बीटा सुटतो. म्हणून एकदम मोठा फुगा नको. अडथळा जाणवल्यापासून एका बैठकीत १ मिमीच्या तीनच पायऱ्या, सुरुवात तीन ते सहा आठवड्यांनी, लक्ष्य १५ मिमी. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने पाच बैठका होऊनही १४ मिमी गाठलं नाही, तर ते आकुंचन चिवट समजायचं. मग ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन, ४० मिग्रॅ/मिली, चारही बाजूंना ०.५ मिली, सर्वांत अरुंद भागात. कोलॅजन बनणं त्याने कमी होतं. सुई उथळ राहिली तर औषध पोकळीतच सांडतं.

प्रश्नकर्ता
मग पहिल्याच दिवशी स्टिरॉइड का देत नाहीत?

प्रतिसाद १
सरसकट नाही देत. संसर्ग वाढतो, छिद्र पडलं तर लक्षणं झाकली जातात. लहान मुलांच्या २बीमध्ये तीन दिवस मोठ्या डोसचं मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देऊन फायदा दिसला आहे, पण तो निष्कर्ष झारगर ३ला (ऊती मेलेल्या, अधिक गंभीर श्रेणीला) लावू नका.