प्रति: पर-सीपीयू डेटाला लॉक कशाला?

पर-सीपीयू डेटा म्हणजे कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) असा डेटा, ज्याची प्रत्येक प्रोसेसरसाठी, म्हणजे सीपीयूसाठी, वेगळी प्रत असते. त्याला लॉक नकोच, कारण "प्रत्येक प्रोसेसरची प्रत वेगळी, मग रेस (एकाच डेटावर दोघांची कामं एकमेकांत घुसून होणारा गोंधळ) होईलच कशी?" हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण अर्धाच खरा. दुसरा प्रोसेसर सहसा तुमच्या प्रतीला हात लावत नाही, हे मान्य. पण तुम्ही स्वतःच मध्येच दुसऱ्या प्रोसेसरवर गेलात तर?

साधा काउंटर घ्या. कोडने सीपीयू क्रमांक विचारला, २ मिळाला, पत्ता काढला, जुनी किंमत ४१ वाचली. तेवढ्यात प्रीएम्प्शन झालं (चालू काम मध्येच थांबवलं गेलं) आणि शेड्यूलरने, म्हणजे कोणतं काम कुठे चालवायचं ते ठरवणाऱ्या भागाने, हे टास्क (चालू काम) सीपीयू ५ वर नेलं. आता ते सीपीयू २ च्या प्रतीत ४२ लिहितं. दरम्यान तिथल्या दुसऱ्या टास्कने काउंटर ५० वर नेला असेल तर ती सगळी वाढ गायब. क्रॅश नाही, नुसते चुकीचे आकडे. असला बग शोधताना माझे दोन आठवडे गेले आहेत.

लिनक्समध्ये त्या भागापुरतं प्रीएम्प्शन बंद केलं की स्थलांतर थांबतं. मात्र इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरच्या इशाऱ्यावर मध्येच चालणारा कोड) तोच डेटा बदलत असेल तर तेवढ्याने भागत नाही, स्थानिक (त्याच सीपीयूवरचे) इंटरप्टही बंद करावे लागतात. नुसत्या काउंटरसाठी 'धिस सीपीयू' (this_cpu_ ने सुरू होणारी) प्रकारची ऑपरेशन्स वापरा: एक्स८६ वर (इंटेल-एएमडी प्रोसेसरवर) पत्ता काढणं आणि वाढवणं एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये होतं, मध्ये कोणी घुसूच शकत नाही. (नावाआधी दोन अंडरस्कोअर असलेली, __this_cpu_ वाली आवृत्ती हे संरक्षण देत नाही, फसू नका!)

रिअल-टाइम कर्नलचा (ठरलेल्या वेळेत प्रतिसाद देणाऱ्या कर्नलचा) विचार असेल तर लिनक्स ५.८ मध्ये आलेला लोकल लॉक (पर-सीपीयू डेटा सांभाळणारा लॉक) बघा. आणि टेस्टिंगला डीबग प्रीएम्प्ट हा कर्नलचा तपासणी पर्याय चालू ठेवा. असुरक्षित जागी (प्रीएम्प्शन चालू असताना) सीपीयू क्रमांक विचारला की लॉगमध्ये लगेच ओरडतं.