नव्या क्षयोपचारासाठीची संमती: रुग्णाला किती सांगावे?

प्रश्न (निवासी डॉक्टर, श्वसनरोग विभाग)

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगासाठी बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही सहा महिन्यांची उपचारपद्धती आमच्या वॉर्डात सुरू झाली आहे. पूर्वी अठरा ते वीस महिने गोळ्या घ्याव्या लागत, त्यामुळे हा मोठाच दिलासा आहे. अडचण संमतीची आहे. राउंडपूर्वी घाईघाईने सही किंवा अंगठा घेण्याचे काम आम्हा ज्युनिअर्सकडे येते. लिनेझोलिडमुळे पायांना मुंग्या येऊ शकतात, रक्तपेशी घटू शकतात, क्वचित नजरेवर परिणाम होतो, हे मी सविस्तर सांगू लागलो, तेव्हा एवढे घाबरवल्यास रुग्ण औषध सोडून जाईल, असे वरिष्ठांनी सुनावले. उपचार अर्धवट सुटल्यास घरच्यांनाही धोका असतो, म्हणून वरिष्ठांची भीती मला निराधार वाटत नाही. मग किती सांगावे?

उत्तर १ (छातीविकारतज्ज्ञ)

हे तिन्ही परिणाम सांगायलाच हवेत. निक्स-टीबी या औषधचाचणीत लिनेझोलिड दिवसाला १२०० मिलिग्रॅम दिले होते आणि ८१ टक्के रुग्णांना चेतातंतूंचा त्रास (मुंग्या येणे हे त्याचेच लक्षण) झाला. पुढे झीनिक्स चाचणीत ज्या गटाला २६ आठवडे ६०० मिलिग्रॅम दिले, त्यात हे प्रमाण २४ टक्क्यांवर आले आणि तरीही ९१ टक्के रुग्णांमध्ये उपचार यशस्वी ठरले. रुग्णांच्या तक्रारी नीट नोंदवल्या गेल्या, म्हणूनच कमी मात्रेचा विचार झाला. मुंग्या येणे औषधामुळे असू शकते हे ज्याला ठाऊक नाही, तो वेळेवर सांगणार कसा? तुमचे सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

उत्तर २ (क्षयरोग समुपदेशक)

राउंडची वेळ त्यासाठी योग्य नाही. दुपारी, घरचे माणूस भेटीला आलेले असताना बसावे, त्रास झाल्यास कोणाला कळवायचे तेही सांगावे आणि शेवटी, ‘आता मला तुमच्या शब्दांत सांगा,’ असे विचारावे. माझ्या पाहण्यात, आधी कल्पना दिलेला रुग्ण पाय जळजळू लागले की विचारायला येतो. कल्पना नसलेला गोळ्याच बंद करतो.

उत्तर ३ (वैद्यकीय अध्यापक)

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली संमतीसाठी पुरेशी माहिती म्हणजे काय ते स्पष्ट केले आहे: उपचाराचे स्वरूप, लाभ, महत्त्वाचे धोके, उपलब्ध पर्याय आणि नकाराचे परिणाम. दूरान्वयाने संभवणारे धोके सांगून रुग्णाला घाबरवण्याची अपेक्षा त्यात नाही; पण चारांतल्या एकाला होऊ शकणारा त्रास दूरचा म्हणता येणार नाही. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे स्वतंत्र शिक्षण आहे, मात्र विद्यार्थी अखेर वॉर्डात वरिष्ठ जसे वागतात तसेच शिकतात, हे मला फार खुपते. वरिष्ठांशी वाद घालण्याऐवजी विभागाच्या बैठकीत दोन मागण्या ठेवा: संमतिपत्रक सोप्या मराठीत असावे, आणि रुग्णाच्या शंकांना उत्तर देऊ शकेल अशाच डॉक्टरने त्यावर सही घ्यावी.